जादा तास कसा लावावा, आणि कुणाला लावू नये

पहिल्या वर्षी मी जादा तास लावला तेव्हा एकतीस मुलं होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर नऊ उरली. त्यातल्या दोघी माझ्याच स्कूटीवर मागे बसून यायच्या, त्या कुठे पळणार?

तेव्हा मी करत काय होते, तर दिवसा वर्गात जो धडा झाला तोच संध्याकाळी पुन्हा, जरा मोठ्या आवाजात. ज्याला सकाळी अकराला कळलं नाही त्याला संध्याकाळी पाचला, पोटात काही नसताना आणि पाठीला दप्तर लावलेलं असताना कसं कळणार होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. मी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. एकोणीस वर्षं झाली. दरवर्षी कुठल्या तरी शाळेतली नवीन शिक्षिका फोन करते, "मॅडम, मोठ्या सरांनी जादा तास माझ्याकडे दिलेत, काय करू?" तेच ते फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी वही, मग वेळापत्रक

जूनमध्ये काहीही सुरू करू नका. दाखले, पुस्तकवाटप, गणवेश, नावं चुकलेली रजिस्टरं, यातच महिना जातो. त्या महिन्यात एकच काम करा. दोनशे पानी वही घ्या आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक पान द्या. मग ऑफ तासाला, मधल्या सुट्टीत, जमेल तेव्हा एकेका मुलाला शेजारी बसवा. दहा मिनिटं पुरतात. अडतीस मुलांचा वर्ग मला साधारण अडीच आठवड्यांत आटपतो.

पायाभूत चाचणीचे गुण हातात असताना हे कशाला, असं विचाराल. गुण सांगतात की सोळा मिळाले. अडलंय कुठे ते सांगत नाहीत. मी काय घेते ते सांगते: पाचवीच्या बालभारतीतला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला. मी बोलेन ते आकडे लिहायला, त्यात एकोणऐंशी आणि त्रेसष्ट हमखास असतात. सहावीत येऊनही एकोणऐंशी म्हटलं की ८९ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात, आणि यात त्यांचा दोष कमी, आपल्या भाषेचा जास्त. ऐंशी ऐकू आलं की हात आठाकडेच जातो. मग दोनच गणितं, ४०२ वजा १७८ आणि ८१६ भागिले ४. शेवटी एक शाब्दिक उदाहरण, तेही मीच वाचून दाखवते, म्हणजे वाचन अडलंय की गणित ते वेगळं कळतं.

हातात लाल पेन घेऊ नका. मुलाला फक्त म्हणा, "करता करता बोल." आणि ते जे बोलेल ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. गेल्या वर्षीच्या एका पानावरचं वाक्य हे असं: "दोनातनं आठ जात न्हाईत, मग आठातनं दोन काढलं, सहा. शून्यातनं सात जात न्हाईत, साताचं सात. चारातनं एक, तीन." उत्तर ३७६. बरोबर उत्तर २२४. पेपर तपासताना आपण इथे फुली मारतो आणि 'वजाबाकी कच्ची' असा शेरा देतो. पण या पोराचा एक नियम आहे आणि तो इमानेइतबारे पाळतोय: लहान आकडा मोठ्यातून काढायचा, वर-खाली बघायचं नाही. त्याला शंभर वजाबाक्या दिल्या तर तो हाच नियम शंभर वेळा पक्का करील. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच करून घेत होते.

८१६ भागिले ४ ला २४ लिहिणाऱ्याचं दुखणं निराळं. एकाला भाग जात नाही म्हणून त्याने सहा खाली घेतला, पण भागाकारात शून्य मांडायचं राहिलं. या दोघांना एकत्र बसवून 'मूलभूत क्रिया' शिकवल्या तर दोघांचाही वेळ वाया.

या तपासणीत आणखी एक गोष्ट हाती लागते, ती गणिताची नसते. एक मुलगी फळ्यावरची गणितं कायम चुकीची उतरवायची, ३ चा ८ आणि ५ चा ६. दोन वर्षं आम्ही तिला निष्काळजी म्हणत होतो, मीसुद्धा. शेजारी बसून पुस्तकातलं गणित घातलं तर सगळी बरोबर. तिला चष्म्याची गरज होती, बाकी काही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते येण्याआधी आपण मागच्या बाकावरून प्रत्येकाला फळ्यावरची ओळ वाचायला लावावी आणि ज्यांना जमली नाही त्यांची नावं पथकाच्या डॉक्टरांच्या हातात द्यावीत. नाहीतर दोनशे मुलांच्या तपासणीत असं मूल निसटतं.

एसटी कधी आहे?

वेळापत्रक करण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा. मी पाच ते सहा असा तास लावला होता आणि आमच्याकडे वाड्यावस्त्यांवर जाणारी शेवटची सोयीची गाडी पाच वीसला. मुलींना पास फुकट असला तरी गाडी चुकली की पास काय कामाचा? ज्या भागात मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत तिथेही हेच: बस शाळा सुटण्याच्या वेळेला बांधलेली असते, तुमच्या जादा तासाला नाही. संध्याकाळचा तास लावला की मुली आपोआप गळतात आणि गावातलीच मुलं उरतात. मग आपण म्हणतो, मुलींना आवड नाही.

म्हणून मी तास सकाळी नेला. परिपाठाच्या आधी चाळीस मिनिटं, सोमवार ते गुरुवार. शुक्रवार मोकळा ठेवते, तो माझा वहीचा दिवस. सकाळी एक नवीन अडचण निघाली, भूक. मूल घरून साडेआठला चहा-चपाती खाऊन निघतं आणि पोषण आहार मिळतो दीडला. साडेदहाच्या सुमारास डोळे जड व्हायला लागतात, त्याला आपण लक्ष नाही म्हणतो. एका माजी विद्यार्थ्याला गाठलं, त्याचं किराणा दुकान आहे. तो महिन्याला सात किलो फुटाणे आणि थोडा गूळ देतो. चौदा मुलं, मूठ-मूठभर, महिन्याचे सोळा दिवस. हिशेब बरोबर बसतो. मुलांनीच त्या तासाला 'फुटाणे वर्ग' नाव पाडलं आणि मला ते फार सोयीचं झालं. कारण शासनाचा शब्द होता 'अप्रगत'. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या धांदलीत तो शब्द इतका रुळला की मुलं एकमेकांना त्या नावाने हाका मारायची. फुटाणे वर्गात बसायला मात्र हुशार मुलंही डोकावतात.

पैसे कुणाकडूनही घेऊ नका, 'झेरॉक्सपुरते' सुद्धा नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. दहा रुपये गोळा केले की गावात त्याची शिकवणी व्हायला दोन दिवस लागत नाहीत.

कोण बसेल आणि किती दिवस

चौदाच्या वर मुलं घेऊ नका. मोठे सर म्हणतील, सगळे कच्चे बसवा. मान हलवा आणि चौदाच घ्या. इयत्ता बघू नका. हातच्यात अडलेला सातवीचा मुलगा आणि हातच्यात अडलेली सहावीची मुलगी एका सतरंजीवर बसू शकतात. आठवीची मुलं लहानांबरोबर बसायला लाजतात, त्यांना मी फळा-खडूचं काहीतरी काम देते, म्हणजे ती 'मदतीला' आलेली असतात.

मुदत सहा आठवडे. पहिल्याच दिवशी सांगायचं, सहा आठवड्यांनी पुन्हा वही काढणार, सुटलात तर सुटलात. ज्या वर्गातून बाहेर पडायची वाटच नाही त्यात मूल मन घालत नाही. वर्षात असे चार गट होतात, काही मुलं दोनदा येतात, एखादं तीनदा. ज्यांना बसवू नये अशीही मुलं असतात. एक, चष्मावाली. दोन, जी फक्त गैरहजेरीमुळे मागे पडली. आमच्याकडे मेंढपाळांची मुलं पाऊस संपला की आईबापांबरोबर रानोमाळ जातात, काहींचे आईबाप उसाला जातात, आणि म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाच्या वेळी मार्गशीर्षात तर अर्धा वर्ग चार दिवस दिसत नाही. यात्रेचं सोडा, ती मुलं आठवड्यात भरून काढतात. बाहेर जाणाऱ्या मुलाला मात्र शिक्षण हमी पत्रक द्यायला विसरू नका, म्हणजे तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. आणि त्या पत्रकाबरोबर त्याच्या वहीच्या पानाची नक्कल घडी घालून द्या. पुढच्या बाईंना पत्रकापेक्षा ती घडी जास्त उपयोगी पडते.

हुशार मुलांना मदतनीस म्हणून बोलवायची माझीही हौस होती. ती उत्तरं सांगून टाकतात. आता एकच नियम आहे, मदतनीसाने पेन्सिल हातात घ्यायची नाही. बोलायचं, विचारायचं, पण लिहील तो ज्याचं गणित आहे तोच. पेन्सिल काढून घेतली की ही मुलं पहिल्यांदा समजावायला शिकतात, आणि त्यांचं स्वतःचं किती पाठ आहे आणि किती कळलंय तेही तिथेच उघडं पडतं.

चाळीस मिनिटांत नेमकं काय

त्या ३७६ वाल्या पोराचंच सांगते. पेटीत खेळण्यातल्या नोटा आहेत, शंभराच्या आणि दहाच्या, आणि रुपयाची नाणी. त्याला चारशे दोन रुपये दिले: चार शंभराच्या, दोन नाणी. दहाची एकही नाही. म्हटलं, "मला एकशे अठ्ठ्याहत्तर दे." त्याने एक शंभर दिली आणि थांबला. मी गप्प. हे गप्प बसणं फार अवघड असतं, घड्याळ लावून बघा, वीस सेकंद म्हणजे युग वाटतं. शेवटी तो म्हणाला, "सुट्टं न्हाईत." "मग बाजारात काय करतोस?" शंभराची एक नोट मोडली, दहाच्या दहा आल्या. त्यातली एक मोडली, दहा नाणी. आता त्याच्यासमोर तीन शंभर, नऊ दहाच्या, बारा नाणी. बारातून आठ, नवातून सात, तीनातून एक. हातात उरले दोनशे चोवीस. त्याने ते तीनदा मोजले आणि मग वहीतल्या ३७६ कडे बघितलं. मी काही बोलले नाही.

लगेच कागदावर आणू नका. दोन दिवस नुसत्या नोटा. मग नोटांशेजारी कागद, मोडलेली नोट मोडल्याबरोबर कागदावर खोडायची आणि वर नवीन आकडा लिहायचा. तिसऱ्या आठवड्यात नोटा पेटीत. मधलं शून्य असलेली वजाबाकी ही शेवटची परीक्षा, ५००३ वजा २६४८ जमली की तो सुटला. भागाकाराचंही असंच, ८१६ रुपये चौघांत वाटायला दिले की भागाकारातलं शून्य आपोआप दिसतं, कारण दहाची एकच नोट चौघांना पुरत नाही.

पाढ्यांवरून माझं आणि आमच्या एका सरांचं कायम वाजतं. त्यांचं म्हणणं, आधी तीसपर्यंत पाढे पाठ, मग पुढचं. मी दोन ते दहाचा तक्ता भिंतीवर लावते आणि बघून करू देते. पाढे यायला हवेतच, पण पाढ्यांसाठी भागाकार अडवून ठेवला तर मूल सातवीत दोन्हीविना जातं. रोज बघून-बघून पाच-सहा आठवड्यांत मान वर करायची सवय सुटते. सरांना हे पटत नाही. असो.

शेवटची दहा मिनिटं वाचन. अक्षर अक्षर जोडत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं, म्हणून त्याला धडा 'कळत' नाही. त्याला व्याकरण नको, छोटी वाक्यं हवीत आणि तेच पान चार दिवस वाचायला हवं. पहिल्या दिवशी मी वाचते, त्याचं बोट ओळीवरून फिरतं. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याबरोबर. चौथ्या दिवशी एकट्याने आणि तेही कुणालातरी ऐकवण्यासाठी, आमच्याकडे शिपाईमामा ऐकतात, खुर्चीवर बसून, अगदी गंभीरपणे. मजकुरासाठी 'किशोर'चे अंक वापरा. बालभारती हे मासिक १९७१ पासून काढतेय आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. सातवीच्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक देऊन त्याचा अपमान करण्यापेक्षा त्यातला एखादा विनोद किंवा कोडं द्या.

शिष्यवृत्तीच्या परीक्षा

इथे कामं कोरडी आहेत, पण पैसा खरा आहे. एनएमएमएस ही आठवीची परीक्षा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची. शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला किमान ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला हजार रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. शालेय क्षमतेत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. हा हिशेब नीट बघा. सगळ्या शाळा तयारी म्हणजे गणित आणि बुद्धिमत्ता धरतात, आणि सत्तर प्रश्न विज्ञान-समाजशास्त्राचे असतात. पात्र व्हायला दोन्ही पेपरांत मिळून ४० टक्के लागतात, म्हणजे १८० पैकी ७२. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ३२ टक्के.

फुटाणे वर्गातला एक मुलगा मी या परीक्षेला बसवला तेव्हा स्टाफरूममध्ये हसू झालं. त्याला बौद्धिक क्षमतेत ५१ पडले, आमच्या वर्गात पहिल्या पाचांत. शालेय क्षमतेत ३३. पात्र झाला, पण निवड यादीतून तीन गुणांनी गेला, आणि ते तीन इतिहास-भूगोलात गेले, ज्याचा एकही जादा तास आम्ही घेतला नव्हता. तेव्हापासून समाजशास्त्राचे सर आठवड्यातून एकदा बसतात. चूक माझी होती, मी ३५ चा आकडा वाचलाच नव्हता.

कागदपत्रं जुलैमध्ये सुरू करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, आणि सगळ्यात आधी नाव. जनरल रजिस्टरला एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकवर वडिलांचं नाव पुढे-मागे. निवड झालेल्या मुलीचे पैसे एका वेलांटीपायी वर्षभर अडकलेले मी बघितलेत. आणि निवड झाली म्हणजे संपलं असं नाही, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि दरवर्षी तो नव्याने करावा लागतो. मूल नववीत दुसऱ्या शाळेत गेलं की हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. मी अशा मुलांचे पालक फोनमध्ये वेगळ्या खुणेने ठेवते.

राज्य परीक्षा परिषदेची दुसरी शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला आली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला न्यायचं ठरलं. इयत्तांचा हा खो-खो चालूच असतो, त्यामुळे त्या त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच बोला. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. वरच्या इयत्तेच्या पेपरात एक गोम आहे: वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण. प्रश्नात 'दोन अचूक पर्याय निवडा' असं लिहिलेलं असतं, पण घाईत मुलं पहिला सापडला की पुढे जातात. याचा सराव करायचा म्हणजे प्रश्न सोडवायचे नाहीत, नुसते वाचायचे आणि 'दोन' या शब्दाला गोल करायचा. अर्ध्या तासात सगळा पेपर. दोन-चार वेळा केलं की डोळा बसतो.

आणि हो, या वर्गाला 'टॉप दहा' निवडू नका. ज्याला बसायचंय तो बसेल. महिनाभरात आपोआप पंधरा-वीस उरतात, आणि ती तुम्ही निवडली असती त्यापेक्षा वेगळी असतात.

शनिवार, ओळंबा आणि सावली

खरी मजा इथे आहे, आणि नेमकं हेच शाळा शेवटी ठेवतात, उरलं तर. २०२४ पासून आठवीपर्यंत आनंददायी शनिवार आलाय, त्या तासांचा उपयोग करा. फुटाणे वर्गातल्या मुलांना यातून वगळून 'आधी वजाबाकी' करायला लावू नका. कडक शब्दांत सांगतेय, कारण मी चार वर्षं तसं केलंय.

एकच प्रयोग नीट सांगते. शनिवारची वाट बघू नका, २२ किंवा २३ सप्टेंबर जो वार येईल तो. पटांगणात सपाट जागी एक मीटर उंचीची काठी उभी करायची. सरळ उभी आहे की नाही हे कसं ठरवणार? सहावीतला एक मुलगा, ज्याच्या पानावर 'वाचन: शब्द' असं लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी वडिलांचा ओळंबा घेऊन आला. वडील गवंडी. त्याने दोन बाजूंनी ओळंबा धरून काठी अशी उभी केली की आमचे चित्रकलेचे सर बघत राहिले. बारा वाजून पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला पहिली खूण, मग दर पाच मिनिटांनी एक, पाऊण वाजेपर्यंत. सावली आखूड होत जाते आणि मग पुन्हा लांबते. सगळ्यात आखूड सावली आमच्याकडे बारा चोवीसच्या आसपास मिळते, साधारण ३२ सेंटिमीटर.

मग वर्गात या. काठी १० सेंटिमीटर, सावली ३.२ सेंटिमीटर असा काटकोन त्रिकोण वहीत काढायचा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजायचा. साडेसतरा ते अठरा अंश येतो. आता भूगोलाचा नकाशा उघडा आणि आपल्या तालुक्याचे अक्षांश बघा. मुलं ओरडतात, अक्षरशः. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर डोक्यावर असतो, म्हणून आपल्याकडे तो जितका कललेला तितके आपले अक्षांश. त्रिकोणमिती लागत नाही, पट्टी आणि कोनमापक बास.

एक मुलगी दरवर्षी असते जी विचारते, बाराला का नाही, घड्याळ चुकतंय का? तिच्यासाठी पुढचा शनिवार राखून ठेवा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७४.५ च्या जवळ. आठ अंश मागे, अंशाला चार मिनिटं, झाली बत्तीस. म्हणजे बारा बत्तीसला यायला हवी होती, मग आठ मिनिटं आधी कशी आली? पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढे-मागे चालतो, सप्टेंबरच्या शेवटी तो सात-आठ मिनिटं पुढे असतो. सप्टेंबरात ढग आले तर हिरमुसू नका, २०-२१ मार्चला पुन्हा करा. तेव्हा सूर्य उशिरा येतो, सावली बारा चाळीसच्या सुमारास आखूड होते. दोन्ही वेळा करता आलं तर मुलांकडे दोन वेगळ्या वेळा असतात आणि ती स्वतःच भांडायला लागतात.

विज्ञान प्रदर्शनाबद्दल माझं मत वाईट आहे. बाजारातून तयार प्रतिकृती आणायची, मुलाने पाठ केलेलं म्हणायचं. त्यापेक्षा इन्स्पायर मानकमध्ये, म्हणजे मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत, वेळ घाला. शाळेला पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाच्या खात्यात नमुना बनवायला दहा हजार रुपये येतात. कल्पना मागताना 'शोध लावा' म्हणू नका. 'घरी आईला कशाचा वैताग येतो ते लिहून आणा' म्हणा. आमच्या पेटीत आलेल्या चिठ्ठ्या: दळण डोक्यावरून नेताना पिठाचा डबा सांडतो, शेळी दावं चावून सुटते, म्हातारीला गोळ्यांचं पाकीट फाडता येत नाही. यातलं एखादं तरी धरून पुढे जाता येतं. बनवायच्या सामानासाठी अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळणी बघा, सायकलची जुनी ट्यूब आणि काड्यापेटीतून काय काय होतं ते.

सहावीला मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे, मराठीतूनही देता येते. लेखी, प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत अशी चढत जाते. पहिल्या पायरीवर बहुतेक मुलं थांबतात, फी आधी पालकांना सांगा. आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला विसरू नका. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला सात गुण वाढतात, बी ला पाच, सी ला तीन. गणितात सात गुण वाढवायला मला वर्ष लागतं.

पालक, आणि उरलेलं

पालकसभेला फार कुणी येत नाही, आले तर आया येतात आणि मागे बसतात. मी आठवडी बाजाराच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी वही घेऊन उभी राहते. बापाला "तुमचा मुलगा कच्चा आहे" सांगितलं की घरी पोराला मार बसतो, एवढाच परिणाम. त्याऐवजी जुलैचं पान आणि सप्टेंबरचं पान शेजारी धरायचं. ३७६ आणि २२४. एका बापाने बराच वेळ बघून विचारलं, "मॅडम, ह्ये मला बी शिकवाल का? दुधाच्या हिशेबाला लागतंय." त्याला मी नोटांची पेटी एका रविवारी घरी दिली. सोमवारी परत आली, एक शंभराची नोट कमी.

मोठ्या सरांना आणि केंद्रप्रमुखांना दाखवायला एक वेगळा तक्ता ठेवा, नाव, तारीख, कुठून कुठे. वही दाखवू नका. वहीत मुलांची वाक्यं आहेत.

मार्चमध्ये ती वही पुढच्या वर्षी ज्याच्याकडे वर्ग जाणार त्याच्या हातात द्या, टेबलावर ठेवू नका, टेबलावरचं रद्दीत जातं. आणि शेवटची सहा-सात पानं कोरी सोडा. दाखला उशिरा घेऊन येणारी मुलं जुलैच्या शेवटापर्यंत येत राहतात, आणि बहुतेक वेळा पहिलं पान त्यांचंच लिहायला हवं असतं.